नर्मदेच्या फुगवट्यावर एक पावसाळी दिवस

ब्राह्मणपुरीच्या माणसाला होडीचे काय काम, असे कोणीही विचारील. आपला मुलूख कापसाचा, केळी-पपईचा. विहिरीतले पाणी मोटारीने वर यायचे, एवढीच आपली पाण्याशी ओळख. पण आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर, पावसाळ्यात होडी हाच रस्ता असलेली गावे आहेत. कापूस वेचणीला आमच्याकडे दरसाल येणारे एक कुटुंब तिकडचे. त्यांच्या आग्रहाने गेल्या श्रावणात मी आणि घरची मंडळी जाऊन आलो.

शहादा, म्हसावद, मग घाट चढून धडगाव आणि तिथून खाली नर्मदाकाठी भुषा. सकाळपासून झड लागलेली. खाली उतरलो तर नदी अशी दिसेचना; डोंगरांच्या मध्ये नुसते मातकट पाणी, टेकड्यांच्या खाचाखाचांत शिरलेले. हा सरदार सरोवराचा फुगवटा. धरण गुजरातेत केवडियाला, पाणी मात्र इथवर.

बोट लाकडी, मागे डिझेलचे इंजिन, वर ताडपत्री. आत मिठाचे पोते, युरियाच्या दोन गोण्या, एक शेळी आणि आश्रमशाळेतून सुटीला निघालेली दोन पोरे. नावाडी म्हणाला, "ताई, मधी बसा. कडेला गेलं की बोट कलंडते." एका वळणावर त्याने इंजिन मंद केले. "इथं खाली आंबे आहेत. वाळून गेले, पण खोडं तशीच उभी. पंखा अडकला तर संपलं." धक्का नाही, पायऱ्या नाहीत. पाणी चढेल-उतरेल तशी बोट लागायची जागा बदलते, आणि उतरताना गुडघाभर चिखल ठरलेला.

नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे या पाण्याच्या कक्षेत आली. धरणाचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरले. बरीच कुटुंबे तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आली, म्हणजे आपली शेजारीच झाली. काही वरच्या उतारावर सरकून तिथेच राहिली. धरणाचा मुख्य कालवा ४५८ किलोमीटर धावत राजस्थानच्या हद्दीपर्यंत जातो. त्याचे पाणी शेतांना, शहरांना, कारखान्यांना मिळते. महाराष्ट्राच्या वाट्याला २७ टक्के वीज.

इंग्लंडात कालवे खणले तेच होड्यांसाठी. १७६१ साली वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे न्यायला ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला. मग कारखान्यांच्या गावोगाव तसे कालवे झाले. त्यांवरच्या कितीतरी होड्या जेमतेम सात फूट रुंद. घोडा काठाच्या वाटेने दोर ओढत चालायचा. पुढे पुढे तर बायका-पोरांसह होडीतच संसार चालत. बरोबरच्या पोरांना मी हे सांगत होतो, तो नावाडी म्हणाला, "आमच्याकडे उलटं, भाऊ. आधी पाणी आलं, मग बोट घ्यावी लागली."

परतीच्या फेरीला बोटीत एक म्हातारी होती, तीन दिवसांच्या तापाने गळालेली. तिला बांबूच्या झोळीतून डोंगरावरून खाली आणले होते. या पट्ट्यात तरंगते दवाखाने आले खरे, पण ताप काही फेरी पाहून येत नाही. वारा सुटला तसा नावाडी काठाकाठाने लांबचा वळसा घेत निघाला. जानेवारी २०१८ मध्ये, संक्रांतीच्या दिवसांत, याच धडगाव भागात नर्मदेत बोट उलटून माणसे बुडाली होती. तेव्हापासून तो माणसे मोजून घेतो. मघाशी दोघांना त्याने "पुढच्या फेरीला" म्हणून काठावरच ठेवले, आणि त्यांनीही वाद घातला नाही.

भुषाला आमची जीप उभी होती. म्हातारीला तीत निजवून धडगावच्या दवाखान्याकडे धाडले आणि आम्ही दुसरी गाडी येईपर्यंत एका टपरीच्या ताडपत्रीखाली तासभर बसलो. ज्यांच्या मनात जायचे असेल त्यांनी पाऊस ओसरल्यावर, आश्विनात जावे. धडगावच्या बाजारातून आमचूर घेतल्याशिवाय मात्र परतू नये.