एक तांब्या पाणी

कुंभकोणमच्या आमच्या घरात तंजावरी मराठी बोलली जाई आणि वेळ मात्र आगगाडीवरून कळे. वडील स्थानकात सहायक स्टेशनमास्तर होते. साउथ इंडियन रेल्वेत त्यांची उमेदवारी झाली, ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. देशातील कित्येक एंजिने व डबे तेव्हा परदेशी धाडले गेले आणि उरलेल्यांच्या माथी दुप्पट भार आला. 14 एप्रिल 1951 रोजी ती रेल्वे दक्षिण रेल्वेत विलीन झाली. वडिलांपुढची मीटरगेजची एकेरी वाट तीच राहिली.

त्या वाटेचा नियम कडक. पुढच्या स्थानकाने संमती दिली म्हणजे यंत्रातून धातूचा एक गोळा सुटे. तो ड्रायव्हरच्या हाती पडल्यावाचून गाडी हलत नसे, आणि तो बाहेर असेतो दुसरा निघत नसे.

1956 साली महामहमची पर्वणी आली. लेकासह स्नान करण्याचा हट्ट धरून आजी तंजावरहून आली. पण जादा गाड्या लागलेल्या. वडील तीन दिवस घरी फिरकले नाहीत. अखेर महामहम तलावाचे पाणी तांब्यात घेऊन आजीच स्थानकावर गेली. नऊ वर्षांचा मी तिचा हात धरून होतो.

"गोळा निघू दे," वडील यंत्रावरची नजर न काढता म्हणाले.

आजी थांबली. गाडी सुटली, तसा तिने तांब्या त्यांच्या मस्तकावर गणवेशासकट रिता केला. टोपी काढण्याचेही त्यांना सुचले नाही.

आता तेथे ब्रॉडगेज आहे. तांब्या माझ्यापाशी आहे. पुढची पर्वणी 2028 साली.