मायचा झरोका

आमचं जुनं घर मातीचं होतं. दीड हात जाडीच्या भिंती, वर कवेलू, अन् आढ्याच्या खाली हातभर झरोका. २००३ साली कापूस बरा पिकला, तेव्हा ते पाडून विटांचं, स्लॅबचं घर बांधलं. पैसे कमी पडले म्हणून पश्चिमेची भिंत चार इंचीच घेतली.

माय म्हणाली, "बाबू, वरतून झरोका ठेवजो."

मी म्हटलं, "माय, त्याच्यातून धूळ येते, पाणी येते, पाखरं काड्या आणते. आपण पंखा लावू."

पहिल्याच उन्हाळ्यात समजलं. यवतमाळचं ऊन पंचेचाळीसला टेकतं. जाड मातीतून ऊन आत यायला रात्र व्हायची. चार इंची भिंत दिवेलागणीलाच आतून चटका देई. पंखा स्लॅबखालची गरम हवाच खाली लोटे. मायनं खाट उचलून गोठ्यात नेली. गोठा तुराट्यांच्या कुडाचा, शेणामातीनं लिंपलेला. पोराचं पक्कं घर अन् माय गोठ्यात, म्हणून गाव बोलू लागलं. मी मायवरच चिडलो.

ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं त्या तापल्या भिंतीजवळ उदबत्ती धरली. धूर भिंतीला धरून सरळ वर चढला, स्लॅबखाली पसरला अन् तिथंच घुटमळला.

"पाह्य, त्याले भाईर जायले वाट नाही," ती म्हणाली.

वहन, अभिसरण, प्रारण हे तीन शब्द मी दहावीला पाठ केले होते. त्यातलं अभिसरण मला त्या दिवशी कळलं. भिंतीनं तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. वर वाट असली तर निघून जाते, नसली तर आपल्याच डोक्यावर बसते.

पुढं शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला गेलो. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले. बापूकुटी माती, बांबू अन् कवेलूची. लोक आत टेकतात, "किती गार!" म्हणतात, अन् सिमेंटच्या घरी परततात. मीही परतलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात माय गेली. वयानं गेली असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणतो.

दिवस झाल्यावर मिस्त्री बोलावून स्लॅबखाली दोन झरोके फोडले. चार इंची भिंत काही जाड झाली नाही, दुपारी अजून तापतेच. पण रात्री दार उघडं ठेवलं की खालून गार हवा येते अन् वरून गरम निघून जाते.

चिमण्या तिथं काड्या आणतात. मी काढत नाही.