काळजीवाहू

मराठीत 'काळजीवाहू' हा शब्द बहुतेक वेळा मुख्यमंत्र्यालाच लागतो. निवडणूक झाली, नवं सरकार यायचंय, तोपर्यंत हे. घरात आजारी माणसाचं सगळं करणाऱ्याला मात्र शब्दच नाही. पैसे घेऊन करते ती ब्यूरोची मावशी. न घेता करते ती सून, लेक नाहीतर बायको. काम नात्यातच धरलेलं, म्हणून वेगळं नाव नाही. आणि नाव नाही म्हणून रजाही नाही.

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. रात्री दोनला उठून चपला शोधतात. "मला घरी जायचंय." घर म्हणजे माहेरचा वाडा, तो कधीच पडला. मी म्हणते, "हो आई, चहा घेऊ आणि निघू." चहा होईस्तोवर त्या माहेर विसरतात आणि झोपतात. मी टक्क जागी.

२०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली, कोणाचा वेळ कशात जातो याची. घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांची त्यातली दिवसाची सरासरी १३४ मिनिटं निघाली, काळजी घेणाऱ्या पुरुषांची ७६. मुलांचं करणंही त्यातच. रात्री दोनचा चहा कुठल्या रकान्यात जातो कोण जाणे!

सत्तरीपुढच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. मावशीचा पगार आणि डायपर आपले आपण. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत नंबर आहे. आणि टेलि-मानसचा १४४१६ आपल्या स्वतःसाठीही आहे, रात्रीसुद्धा. फ्रिजवर लिहून ठेवा.

महिन्यातून एकदा आम्ही सात-आठ जण भेटतो. बाथरूमची आतली कडी काढून टाका, गाऊनच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवा, असल्या गोष्टी तिथे कळतात. निवृत्त झालेले एक काका बायकोची वेणी घालायला शिकले. मागच्या वेळी एकजण हळूच म्हणाली, "कधीकधी वाटतं, सुटावं यातून." कोणी दचकलं नाही. कोणी 'असं बोलू नये' म्हणालं नाही. शेजारणीने तिच्यापुढे बिस्किटं सरकवली. घरी जाताना मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही.

तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर 'काही लागलं तर सांग हं' म्हणू नका. ती सांगत नाही. 'शनिवारी चार ते सहा मी येऊन बसते, तू बाहेर जा' म्हणा. आणि खरंच जा.