रिपोर्टातला करडा रंग



मागच्या आठवड्यात एका पाकिटाने आमच्या घराची झोप उडवली. सुनेच्या गुडघ्याचा एमआरआय. सोसायटीत बॅडमिंटन खेळताना तिचा पाय वळला, आतला एसीएल लिगामेंट तुटला. ऑपरेशनला आता सात महिने झालेत. मांडीच्या मागचा दोरीसारखा स्नायूबंध काढून तुटलेल्याच्या जागी बसवलाय, त्याला ग्राफ्ट म्हणतात.

रिपोर्टात होतं, ग्राफ्टमध्ये सिग्नल वाढलेला आहे. मुलाने मोबाईलवर शोधाशोध केली आणि रात्रीपर्यंत आमच्या घरात ग्राफ्ट पुन्हा फाटला! सून काही बोलली नाही, गवार मोडत बसली. आदल्या दिवशी मुलुंड स्टेशनचा पूल नीट उतरलेली पोरगी दुसऱ्या दिवशी कठडा धरून उतरली. गुडघा तोच, कागद तेवढा नवा.

डॉक्टरांकडे मीही गेले. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. पक्का लिगामेंट एमआरआयमध्ये काळा दिसतो, हिचा करडा होता. ते म्हणाले, बसवलेल्या ग्राफ्टला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आतल्या पेशी मरतात, मग शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या सोडतं, नवे धागे विणतं. या काळात त्यात पाणी जास्त असतं आणि एमआरआयचं यंत्र मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनवरच चालतं, म्हणून तो भाग उजळ दिसतो. पुन्हा काळा व्हायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. फाटला असता तर धागे मध्येच तुटलेले दिसले असते, हिचे सलग होते.

मी बी.कॉम. आहे. चाळीस वर्षांत त्याचा उपयोग दुधाच्या हिशेबाला झाला, पण तिथे मला चटकन कळलं. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. १ एप्रिलला दुकानात गिऱ्हाईक आलं की नाही, ते त्यात कुठे दिसतं?

गिऱ्हाईक त्यांनी मग तपासलं. गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली, घट्ट थांबली. मग एका पायावर उडी मारायला लावली, टेपने अंतर मोजलं. दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. इथे डॉक्टर गप्प झाले. ऑपरेशनची मांडी दोन सेंटिमीटर बारीक, उडीही आखूड. चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के ताकद आल्याशिवाय आणि नऊ महिने पुरे झाल्याशिवाय कोर्टवर पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

"व्यायाम रोज होतो ना?" त्यांनी विचारलं.

"होतो," सून म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आपल्या अंधेरीत, कोकिलाबेन रुग्णालयात, जानेवारी २०२३ मध्ये क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. (नाव आपल्या पहिल्या तीर्थंकरांचं, म्हणून माझं लक्ष जरा जास्त.) ३० डिसेंबर २०२२ ला रुडकीजवळ गाडीचा अपघात झाला होता. तो मैदानावर परतला थेट मार्च २०२४ च्या आयपीएलमध्ये. त्याची दुखापत हिच्यापेक्षा कितीतरी मोठी. पण एवढे महिने त्याचं कामच पाय बरा करणं हे होतं, त्याला कोणी मध्येच उठून चहा टाक म्हणत नव्हतं.

आमच्याकडे म्हटलं जात होतं. पाहुणे आले की पहिला तिचा व्यायाम बुडायचा. ती म्हणायची, "आई, उद्या करते," आणि मी कधी म्हटलं नाही की नको, आत्ताच कर, पोळ्या मी लाटते. फिल्मवरच्या रंगाने मी दोन रात्री जागले. तिची मांडी सात महिने माझ्या डोळ्यांसमोर होती.

आता पाच ते पावणेसहा तिच्या खोलीचं दार बंद असतं. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं असतं, म्हणून ओट्याशी मी. परवा माझी नणंद आली, म्हणाली, "सून कुठे दिसत नाही?"

मी तिच्यापुढे लाटणं ठेवलं.