लेकराला घेऊन विमानाने : कर्जत-खालापूरहून निघताना

कर्जत हा प्रवाशांचा तालुका. पहाटेची लोकल पकडून शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला कामाला जायचे आणि रात्री उशिरा परतायचे, हा इथल्या हजारो घरांचा नित्यक्रम. शेजारच्या खालापुरातही तेच. खोपोलीचे कारखाने, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग यांच्यामुळे इथले पाय सतत चालते असतात. प्रवास आपल्याला नवा नाही. पण विमानाचे नाव निघाले की आपल्या घरांत अजूनही सगळे गप्प होतात. त्यातून कडेवर मूल असेल तर, "नको बाई, पोर रडले तर चारचौघांत शोभा व्हायची," असे म्हणून बेत मोडतो. आजी नागपूरला, नातू कर्जतला, आणि मूल चालायला लागले तरी भेट नाही, अशी घरे आपल्या वस्त्यांत कमी नाहीत.

पैशाची अडचण खरी आहे. रेल्वेचे भाडे विमानापेक्षा कितीतरी कमी, आणि सवड असेल तर रेल्वेनेच जावे. पण कामावर तीनच दिवसांची रजा मिळते. नागपूर रेल्वेने आठशे किलोमीटरहून दूर. जाण्यायेण्यातच दोन रात्री जातात. विमानाला दीड तासाच्या आसपास लागतो. आधी तिकीट काढले तर एखाद्या वेळी हा खर्च झेपतो. अशा वेळी पैसे असूनही केवळ माहिती नाही म्हणून मागे फिरावे लागू नये, एवढ्यासाठी हा लेख.

विमानतळ कोणता?

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तो पनवेल तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. ज्यांच्या शेतांवर आणि घरांवर तो उभा राहिला त्या गावकऱ्यांनी काय सोसले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण दाराशी आलेली सोय केवळ मोटारवाल्यांची राहू नये, तिच्यावर आपलाही हक्क आहे. कर्जतहून चौकमार्गे पनवेल गाठता येते. खोपोली-खालापूरच्या लोकांना तर जुना रस्ता सरळ तिकडेच नेतो.

मुंबईचा जुना विमानतळही चालूच आहे. म्हणून तिकिटावर नाव नीट वाचावे. 'बीओएम' म्हणजे मुंबई, 'एनएमआय' म्हणजे नवी मुंबई. मुंबई असेल तर टर्मिनल एक की दोन, हेही पाहावे. त्यासाठी कर्जतकरांना टॅक्सीच करावी लागते असे नाही. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि तिथे भुयारी मेट्रो बदलली की टर्मिनल दोन हे पुढचेच स्टेशन. टर्मिनल एकसाठी त्याच गाडीने आणखी दोन स्टेशने पुढे जावे. मात्र मूल आणि सामान घेऊन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढणे टाळावे. विमानाची वेळ ठरवतानाच कर्जतहून कोणती गाडी मिळेल याचा हिशेब करावा. पहाटेचे विमान स्वस्त दिसते; पण त्यापायी रात्रभर मुलाला घेऊन जागावे लागले तर ते महागच पडते.

तिकीट आणि कागद

दोन वर्षांखालील मूल आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसू शकते. त्याला वेगळी सीट नसते, ठरावीक शुल्क असते. एका मोठ्या माणसाबरोबर असे एकच मूल चालते. दोन वर्षे पूर्ण झाली की सीटचे तिकीट काढावे लागते. जाताना मूल दोन वर्षांच्या आत आणि येताना दोन वर्षांचे पूर्ण होत असेल, तर परतीला त्याचे पूर्ण तिकीट लागते. वाढदिवसाची तारीख आधी पाहावी.

तान्ह्या मुलाच्या वयाचा पुरावा मागतात. जन्माचा दाखला जवळ हवाच. आपल्याकडे पुष्कळ दाखल्यांवर बाळाचे नाव घातलेलेच नसते. बारसे झाले की ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत जाऊन नाव नोंदवून घ्यावे. ते पुढे शाळेतही उपयोगी पडते. तिकिटावरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव एकच असावे.

सगळ्या कुटुंबाचे तिकीट एकाच पीएनआरवर काढावे. याला कारण आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यावी, अशी सूचना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिली. आमच्या ओळखीच्या एका कारखाना कामगाराच्या पाच वर्षांच्या मुलीला एका कंपनीने चार रांगा मागची सीट दिली होती. जादा पैसे भरा, म्हणजे शेजारी बसवतो, असे त्याला सांगण्यात आले. त्याने आवाज न चढवता या सूचनेची आठवण करून दिली. पाच मिनिटांत मुलगी आईशेजारी आली. त्याची दहावीही झालेली नाही. पण नियम त्याने वाचला होता.

घाट हीच पहिली शाळा

विमानात मूल रडते ते बहुतेक वेळा कानामुळे. हे कर्जत-खालापूरच्या माणसाला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत, कारण आपल्या दारात बोरघाट आहे. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. चाळीस हजारांवर मजूर एका वेळी इथे राबले, पुष्कळ जण साथीत आणि अपघातांत गेले, तेव्हा ही वाट झाली. आजही कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिने लागतात आणि गाडी लोणावळ्याकडे ढकलली जाते. २८ किलोमीटरच्या प्रवासात आपण समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या जवळ जातो. परत येताना, विशेषतः मोटारीने खोपोलीकडे भरभर उतरताना, कानाला दडे बसतात. आवंटा गिळला की कान 'टक्' करून उघडतो.

विमानातही हेच घडते, फक्त जास्त प्रमाणात. विमानाच्या आतली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ होते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे आपण त्याच्याही वर बसलेलो असतो. कानाच्या पडद्यामागून घशाकडे जाणारी एक बारीक नळी आतला-बाहेरचा दाब सारखा करते. लहान मुलांची ही नळी अरुंद आणि आडवी असते. चढताना आतली हवा सहज बाहेर पडते; उतरताना मात्र बाहेरची हवा आत शिरायला नळी उघडावी लागते. म्हणून मूल उतरताना जास्त रडते.

उपाय घरचाच आहे. बाळाला त्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. थोड्या मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्यावे. शाळकरी मुलाला चघळायला गोळी चालते. उतरणे हे चाके टेकण्याच्या वीस-तीस मिनिटे आधीच सुरू होते. झोपेत आवंटा कमी गिळला जातो, म्हणून तशी घोषणा झाली की झोपलेल्या बाळाला हळूच जागे करून पाजायला घ्यावे. निघताना पोटभर पाजले आणि उतरताना काहीच उरले नाही, असे होऊ देऊ नये. सर्दी किंवा कानदुखी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मूल झोपावे म्हणून खोकल्याचे औषध मनाने देऊ नये. ते धोक्याचे आहे.

सराव हवा असेल तर एका रविवारी मुलाला घेऊन लोणावळ्याला जाऊन यावे. चढताना-उतरताना ते काय करते, कशाने शांत होते, उलटी होते का, हे कळते. नेरळहून माथेरानला जाणारी, १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी तर मुलांची लाडकीच. तिची वळणेही खूप शिकवतात.

पिशवी आणि तपासणी

विमानात नेण्याची पिशवी लहान ठेवावी, पण तिच्यात बाळाचे सगळे असावे : दोन जादा कपड्यांचे जोड, लंगोट, पुसायला मऊ फडके, प्लॅस्टिकची रिकामी पिशवी, पांघरूण, नेहमीचे औषध आणि एक ओळखीचे खेळणे. विमानात गार होते. बाळाचे दूध आणि भरवायचे अन्न प्रवासापुरते नेऊ देतात. तपासणीच्या वेळी ते स्वतःहून काढून दाखवावे. चपाती, भाजलेले पोहे, केळे असे कोरडे खाणे घरूनच न्यावे. आतल्या दुकानात दर पाहून जीव दडपतो. कात्री, सुरी, काडेपेटी आणि खेळण्यातले पिस्तूल हातातल्या पिशवीत नको. पॉवर बँक मात्र मोठ्या सामानात न देता जवळच ठेवावी लागते.

देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी पोहोचावे. तपासणीत स्त्रियांना पडद्याआड महिला कर्मचारी तपासतात; घाबरू नये. मुलांची घडीची गाडी बऱ्याच कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात. विमानात चढताना "लहान मूल आहे" एवढे सांगितले तर बहुधा आधी सोडतात. मांडीवरच्या बाळाला वेगळा पट्टा मिळतो, तो मागून घ्यावा. प्राणवायूचा मुखवटा खाली आलाच तर आधी मोठ्याने स्वतःला लावायचा, मग मुलाला. मोठे माणूस शुद्धीवर राहिले तरच मूल वाचते.

रडणे हा गुन्हा नव्हे

एवढे करूनही मूल रडेल. रडू द्यावे. शेजारच्याने मान वळवली म्हणून आईने ओशाळू नये आणि मुलाला चापट तर मुळीच मारू नये. ते मूलही तिकीट घेऊन आलेला प्रवासी आहे. वडिलांनी पेपर बाजूला ठेवून त्याला घ्यावे. पट्टे सोडायची परवानगी असेल तेव्हा मधल्या वाटेने एक फेरी मारावी. मूल सांभाळणे हे एकट्या आईचे काम, ही समजूत घरी ठेवूनच विमानात चढावे.

आपल्या वस्तीत कोणी मुलाबाळांसह असा प्रवास करून आले असेल, तर महिला मंडळाने त्यांना एखाद्या रविवारी बोलवावे. तिकीट कसे दिसते, तपासणी कशी होते, बाळाला कधी पाजले, हे त्यांच्या तोंडून ऐकावे. ज्याला वाचता येते त्याने नियम कागदावर उतरवून झेरॉक्स वाटाव्यात. पहिल्यांदा जाणाऱ्या आईला अर्धा धीर त्यातूनच मिळेल. आणि नागपूरच्या आजीला नातू पाहायला त्याच्या शाळेच्या वयापर्यंत थांबावे लागणार नाही.