बांधावरचं कवठ

निपाणीकडं कवठाचं झाड कुणी मुद्दाम लावल्याचं मी कधी ऐकलं नाही. ओढ्याकाठी, बांधाच्या कोपऱ्यात ते आपसूक उगवायचं आणि पिकाला सावली नको म्हणणारा तंबाखूवालाही त्याला राहू द्यायचा. आमच्या शिवारातलं कवठ दोन मालकांच्या सामाईक बांधावर होतं. फळ ज्याच्या रानात पडेल त्याचं, एवढाच करार.

झाड काटेरी, त्यामुळं आम्ही पोरं पडलेलीच वेचायचो. आज्जी एकेक फळ कमरेएवढ्या उंचीवरून टाकून बघायची. उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलं. कच्ची भाताच्या पिंजरात जायची. पिकलेलं दगडावर फोडलं की तो तपकिरी, आंबूस गर आणि घरभर वास! गूळ, मिरची, जिरं, मीठ घालून पाट्यावर वाटलेली चटणी आणि जोंधळ्याची भाकरी. एवढं मिळालं की मला दुसरं काही नको असायचं. हे झाड लिंबाच्याच कुळातलं. लिंबावरची फुलपाखरं याच्याही पानांवर अंडी घालतात, आणि पान चुरगळलं की बडीशेपेचा वास येतो.

नोकरीसाठी बेळगावात आलो आणि कवठ वर्षातून एकदाच दिसू लागलं. महाशिवरात्रीला कपिलेश्वराच्या वाटेवर खेड्यांतल्या बायका बेलाची पानं आणि कवठांच्या बुट्ट्या घेऊन बसतात. भाव कन्नडात सुरू होतो, मराठीत ठरतो. चार दिवसांनी तीच कवठं कुणी विचारत नाही. नृसिंहवाडीला गेलो की कवठाची बर्फी आणतो. देवळाबाहेरच्या त्या दुकानांनी या फळाला वर्षभराचं गिऱ्हाईक दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली निपाणीचे शेतकरी महामार्गावर बसले होते. कवठाला भाव कुणी मागितला नाही. मग तंबाखूच्या जागी ऊस आला, बांध कोरले गेले. आमच्या बांधाची मोजणी झाली आणि झाड तुटलं. बी रुजवून फळ धरायला पंधराएक वर्षं लागतात; उसाच्या हिशेबात एवढी वाट कोण बघणार?

म्हणून आता शिवरात्रीला मी कवठं घेताना त्या बायकांना झाडाचा ठावठिकाणा विचारतो: कुठलं गाव, कुणाचा बांध. त्या आनंदानं सांगतात. सवडीनं तिथं जातो, मालकाला भेटतो आणि मोजणी झाली तरी झाडापुरती चार हात जागा सोडा, असं हात जोडून सांगतो.