ओव्हरडबिंग माहीत नव्हतं म्हणून...

शनिवार, दुपारचे साडेतीन. धोबी तलावच्या ‘कयानी’त चहात ब्रुन मस्का बुडवणं चालू होतं. समोर माझा मित्र. बँकेत रिस्क सांभाळतो आणि एकोणतिसाव्या वर्षी त्याला अचानक ड्रम्स शिकायचेत! जवळच्या फुर्टाडोजमधून स्टिक्स घेऊन झाल्या होत्या.

‘‘यूट्यूबवर सगळं आहे गं. एकेक हात, एकेक पाय सुटा करून दाखवतात.’’

मला त्रिलोक गुर्टू आठवला.

गुर्टू म्हटलं की आपल्या घरांत अजून शोभाताईच आठवतात. ठुमरी, दादरा. त्रिलोक त्यांचा मुलगा, जन्म १९५१, मुंबईचा. (वयाने पंच्याहत्तरीला टेकला, पण ड्रमरला अहो-जाहो करवत नाही.) तबला तो शिकला शाह अब्दुल करीम यांच्याकडे. मग कानावर पाश्चात्त्य रेकॉर्ड्‌स पडल्या. आणि खरी धमाल इथेच आहे. स्टुडिओत एका ट्रॅकवर दुसरा ट्रॅक चढवतात, ज्याला ओव्हरडबिंग म्हणतात, हे या पठ्ठ्याला ठाऊकच नव्हतं. ऐकू येतंय ते सगळं एका दमात वाजवायचं असतं, असं समजून तो ते शिकत बसला. १९९५ मध्ये जिमी हेंड्रिक्सवरच्या एका टीव्ही कार्यक्रमात त्याने स्वतःच हे सांगितलंय.

बिल देऊन आम्ही झेवियर्सच्या मागच्या रंगभवनकडे निघालो. १९७८ मध्ये पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली ती याच खुल्या थिएटरमध्ये. सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनचा बादशहा इथे वाजवून गेला. पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही जागा शांतता क्षेत्राच्या नियमात अडकली आणि कॉन्सर्ट बंद पडल्या. आम्ही बंद गेटमधून आत डोकावून परतलो. नियम चूक म्हणवत नाही, शेजारी हॉस्पिटल आहे. पण मग आकाशाखाली ड्रम्स ऐकायला या शहरात जायचं कुठे?

त्रिलोक त्याआधीच युरोपात गेला होता. डॉन चेरी, चार्ली मारियानो यांच्याबरोबर वाजवलं, घर केलं जर्मनीतल्या हॅम्बुर्गला. १९८४ मध्ये ‘ओरेगॉन’ या ग्रुपचा कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला. त्याच्या जागी पुढे त्रिलोक आला. त्याचा सेटअप बघाच एकदा. स्टूल नाही, गडी जमिनीवर अर्धा गुडघ्यावर. तबला, ड्रम्स, झांजा सगळं हाताच्या अंतरावर आणि बाजूला पाण्याची बादली! वाजती झांज हळूच पाण्यात बुडवली की तिचा सूर घसरत जातो.

१९८८ मध्ये त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला, ‘उस्फ्रेत’. संगीतकार तोच. गायला कोण? शोभाताई. मी तो पहिल्यांदा लोकलमध्ये ऐकला, एकाच कानात, आणि दादर आलं तरी उतरले नाही. मुलाने भोवती काय काय मांडलंय, पण शोभाताईंचा आवाज आपल्या जागी ठाम. आपल्या पोराच्या अजब उद्योगात अशी जाऊन उभी राहिलेली आई! माझ्या आईला फ्रीलान्स म्हणजे काय ते मी चार वर्षं समजावतेय. अजून ती शेजारच्या काकूंना ‘पेपरमध्ये आहे’ एवढंच सांगते. शोभाताई २००४ मध्ये गेल्या. तो अल्बम लावला की मला पर्कशनच्या आधी त्याच ऐकू येतात.

मरिन लाइन्सला फास्ट चुकली. बाकावर बसून मित्राच्या कानात मी १९८९ ची लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली लाइव्ह मैफल लावली. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, काय एकहार्टचा बास आणि त्रिलोक. स्टेजवर मोजून तीन माणसं. हे मात्र त्याला सांगितलं नाही.

पाचेक मिनिटांनी त्याने स्टिक्स बाहेर काढल्या, लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतली. दोनदा हुकला. मग इयरफोन काढून म्हणाला, ‘‘ड्रमवाले किती आहेत गं यात?’’

‘‘तू वाजव ना,’’ मी म्हटलं.